नववा अर्थ

बहिणीच्या त्या पत्राला चकारकाकांनी नऊ वर्षांत उत्तर दिलं नव्हतं, आणि आज सकाळी साडेअकराच्या सुमारास टायपिस्टबाई त्यातलंच एक वाक्य खणखणीत आवाजात वाचत होत्या.

"दादा, आता आईचा चार्ज तू घे, मी फार दमले आहे." बाई थांबल्या. "पूर्णविराम. आधार, खासगी पत्र. बरोबर आहे का तुमच्याकडे?"

काकांचं बोट छापलेल्या ओळीवर होतं. ते तिथून हलेना.

"काका, झोपलात की काय?"

"नाही, नाही. बरोबर आहे," काका म्हणाले.

आपल्या बोलण्यात मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करणारी ती कचेरी होती. दोन खोल्या, सहा माणसं आणि भिंतीला लागून चपलांच्या खोक्यांत भरलेली हजारो कार्डं. एका कार्डावर एक अर्थ, आणि त्याखाली कुणीतरी खरोखर बोललेलं किंवा लिहिलेलं एक वाक्य, आधारासकट, तारखेसकट. मनानं रचलेलं वाक्य चालायचं नाही. वाक्य नसेल तर अर्थही नाही, असा संपादकांचा दंडक होता. छापण्याआधी एकानं कार्डं मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं मुद्रितावर, म्हणजे छापखान्यातून आलेल्या कच्च्या छपाईवर, बोट फिरवायचं. याला ते ताडणी म्हणत.

काकांकडे बावीस वर्षं 'च' होता. एरवी तोंडातून चकार शब्द न काढणाऱ्या माणसाकडे नेमकं हे अक्षर यावं याची कचेरीत इतकी थट्टा झाली, की त्यांचं नावच चकारकाका पडलं. काकांनाही ते आवडायचं. निदान कुणीतरी आपल्याला काहीतरी म्हणतं, असं त्यांना वाटे.

'चार्ज' हा त्यांचा लाडका शब्द. फोन चार्ज होतो, पोलीस चार्ज करतात, आरोपीवर चार्ज ठेवतात, नवा साहेब जुन्याकडून चार्ज घेतो, दुकानदार जास्तीचा चार्ज लावतो. या सगळ्यांचा मूळपुरुष एकच, असं काका सांगायला लागले की टायपिस्टबाई जांभई दाबत. फार जुन्या काळी लॅटिनमध्ये ओझ्याच्या गाडीला एक शब्द होता. त्यावरून गाडीवर ओझं लादणं आलं. पुढे गाडीच्या जागी माणूस आला आणि ओझ्याच्या जागी कधी काम, कधी आरोप. बंदुकीत दारू ठासायची तीही भरच, आणि तिच्याच चालीवर पुढे वीज भरू लागले. काका हे सांगताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

या शब्दाचा नववा अर्थ त्यांनी स्वतः शोधला होता. एखाद्या माणसाचं दुखणंखुपणं, हगणंमुतणं, सगळं आपल्या अंगावर घेणं. तो कुठल्याही कोशात नव्हता. त्याला वाक्य मात्र एकच मिळालं होतं.

बहीण नर्स. वॉर्डात पाळी बदलताना बायका एकमेकींकडून चार्ज घेतात, तोच शब्द तिनं पत्रात आईला लावला होता. आई तेव्हा माणसं विसरायला लागली होती. बहिणीनं लिहिलं होतं की दूरच्या एका मोठ्या इस्पितळात दोन वर्षांच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली आहे, पुन्हा अशी संधी यायची नाही, तर तेवढी दोन वर्षं आईला दादानं न्यावं. बारा तारखेच्या आत कळव, म्हणजे मला होकार देता येईल.

काकांनी ते पत्र कचेरीतच उघडलं होतं. 'आईचा चार्ज' हे शब्द दिसले आणि त्यांच्या काळजाचा ठोका चुकला, पण आईसाठी नव्हे. त्यांनी आधी लाल पेन्सिल घेतली. आधी अधोरेखा मारली, कार्ड लिहिलं, तारीख टाकली, पत्र कार्डाला टाचलं आणि खोक्यात ठेवलं. बाकीचं पत्र त्यांनी घरी जाताना रस्त्यात आठवून आठवून वाचलं. मग त्यांची गाळण उडाली. आपली एक खोली, तीही पुस्तकांनी भरलेली. आईला अंघोळ कोण घालणार? नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती, आणि हो म्हणायचीही नव्हती. उद्या लिहू, उद्या लिहू म्हणता म्हणता बारा तारीख गेली.

आई त्यानंतर चार वर्षांनी गेली. ती चारही वर्षं बहिणीनंच काढली. आईला पोचवून आल्यावर ओल्या केसांनी बहीण दारात उभी होती. तिनं अगदी सहज विचारलं, "दादा, मी तुला एक पत्र पाठवलं होतं, आईबद्दल. मिळालं होतं का रे?"

"नाही गं," काका म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला त्यांनी पाहिला. "तरीच. मी म्हटलं, दादा असा नाही. मेलं ते पोस्ट!"

तेव्हापासून बहीण पोस्टाला शिव्या देत आली होती. दर महिन्याला तिचा फोन यायचा. आता ती निवृत्त झाली होती, गुडघे गेले होते, दोन खोल्यांत एकटी राहायची. तिला एकच हौस उरली होती. "तुझा कोश निघू दे. मी पहिल्या पानापासून वाचणार बघ. तुझा 'च' तर पाठच करणार."

आणि त्या 'च'मध्ये तिला तिचंच वाक्य भेटणार होतं. खाली आधार, खाली तारीख.

हे सगळं काकांना आजच का सुचावं? नऊ वर्षं ते कार्ड त्यांच्या हातांखालून शंभरदा गेलं होतं. पण त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. बाईंच्या आवाजात ते नुसतं वाक्य राहिलं नव्हतं. कुणीतरी त्यांना हाक मारली होती.

दुपारी ते संपादकांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. नववा अर्थ काढावा म्हणतो, असं त्यांनी सांगितलं.

संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला. अहो, सबंध शब्दात तेवढंच एक जिवंत वाक्य आहे, ते काढून काय ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी काकांकडे नीट पाहिलं. "दुसरं वाक्य आहे?"

"नाही."

"मग अर्थच जाईल."

"जाऊ दे."

संपादकांनी पेन उघडलं. मुद्रितावर आडवी रेघ मारली, पुढच्या दहाव्या अर्थाचा आकडा नऊ केला आणि कागद परत दिला. इतकं सोपं होतं ते.

काका जागेवर आले. सुटलो, असं त्यांना वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्यांना किळस आली. आता बहिणीला कधीच कळणार नव्हतं. ती मरेपर्यंत पोस्टाला शिव्या देणार, दादावर विश्वास ठेवणार, आणि दादा दर महिन्याला फोनवर हं हं म्हणत राहणार. पण सांगून तरी काय होणार? तिच्याजवळ एवढा एक भाऊ उरला आहे, तोही काढून घ्यायचा? आणि हे सांगणं तिच्यासाठी की आपल्याच जिवाला हलकं वाटावं म्हणून? बावीस वर्षं शब्दांचे अर्थ लावणाऱ्या त्या माणसाला याचा अर्थ लागेना. डोकं दोन्ही हातांत धरून ते बसून राहिले.

टायपिस्टबाईंनी काही न विचारता पाण्याचा पेला पुढे सरकवला.

काकांनी कार्डापासून पत्र सोडवलं. टाचणी गंजली होती. ती निघाली, पण कागदावर तांबडा डाग राहिला. मग त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं. दुसरा कागद त्यांना सुचलाच नाही.

"तुझं पत्र मला तेव्हाच मिळालं होतं. पोस्टाची चूक नाही. मी घाबरलो, आणि नंतर खोटं बोललो. तुझं पत्र परत पाठवत आहे. माझ्यापाशी ठेवायचा मला हक्क नाही. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी मला कळेल. दादा."

सवयीनं त्यांनी खाली तारीख घातली.

कोपऱ्यावरची पोस्टाची पेटी चार वाजता उघडत. पाकीट आत पडल्याचा आवाज आला आणि काका पेटीच्या फटीशी वाकले. परत काढता येईल का, हे ते खरोखरच पाहत होते. तेवढ्यात पोस्टमन आला. त्यानं कुलूप काढलं, पत्रं थैलीत ओतली आणि पेटीत डोकावणाऱ्या या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"काय आजोबा, चुकून टाकलंत का काही? सांगा, आत्ता देतो काढून."

पाकीट वरच होतं. काकांना स्वतःचं अक्षर दिसत होतं.

"नाही," ते म्हणाले. "उशीर झाला होता फक्त."

पोस्टमननं थैलीचं तोंड आवळलं, ती उचलून गाडीवर लादली आणि निघून गेला. काका रिकाम्या पेटीपाशी उभे राहिले.