बंदरावरची लाल टाचणी

मित्रांनो, मी एक जुना, भिंतीवरचा जगाचा नकाशा आहे. माझ्या अंगाला दोनशे आठ भोके आहेत. दोनशे सात मी नोकरीचा भाग म्हणून सोसली. दोनशे आठवे मात्र मी मिरवतो! ते कसे पडले हे सांगताना आजही माझ्या गुंडाळीत शिरशिरी उठते.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! अंगावर सात रंग, पाठीला कापड, वर-खाली लाकडी दांडे. एका बलाढ्य देशाच्या परराष्ट्र खात्यात मला अख्खी भिंत मिळाली. माझ्या कोपऱ्यात सुबक अक्षरांत नियम लिहिला गेला : 'जिथे दहाहून जास्त माणसे चौकशीशिवाय तुरुंगात असतील, तिथे लाल टाचणी.' मी हरखून गेलो. जगातल्या बंदिवानांची दखल माझ्या अंगावर! पाहुणे येत, नियम वाचत, माना डोलावत.

टाचण्यांची डबी एका कारकुनाकडे होती. सगळे त्यांना टाचणीकाका म्हणत. देशोदेशींच्या याद्या येत, काका चष्मा पुसत, नावे मोजत आणि टाचणी टोचत. मीही मनातल्या मनात मोजत असे. मोजता मोजता एक गंमत ध्यानात आली. ज्या देशाशी आमचे वाकडे होते, त्याची टोचून टोचून चाळण झाली होती. आणि ज्या मित्रदेशाला आम्ही लढाऊ विमाने विकत होतो, तो नुकत्याच इस्त्री केलेल्या रुमालासारखा गुळगुळीत!

एकदा काकांनी विचारले, "साहेब, मित्रदेशात या बंदराच्या गावी चौसष्ट माणसं आहेत. टोचू?"

"अहो, ते आपले मित्र!" मोठे साहेब म्हणाले. "तिथली परिस्थिती नाजूक आहे."

"पण त्या दुसऱ्या देशात बाराच होते, तरी टोचली आपण."

"तिथे अत्याचार चाललाय! काका, तुम्ही टाचण्या सांभाळा. धोरण आम्ही सांभाळतो."

यादी काकांच्या खणात गेली. तिथे तिच्या बऱ्याच बहिणी आधीच झोपल्या होत्या.

रोज सकाळी माझी धूळ झटकायला सफाईवाल्या ताई येत. हात हलका, जीभ तिखट. लग्न होऊन त्या मित्रदेशातून इकडे आलेल्या. एके दिवशी त्यांचे फडके बंदराच्या गावावर आले आणि तिथेच थबकले.

"काका, तुमच्याकडचा लाल रंग संपला का हो?"

"का गं बाई?"

"माझा धाकटा भाऊ तिथे मास्तर होता. हजेरी घेताना पोरांना विचारलं, तुमचे बाप कुठे गेले रे? दुसऱ्या दिवशी हाच गेला! एकोणीस महिने झाले. चौकशी नाही, भेट नाही. तुमच्या टाचणीला तो दिसत नाही होय?"

काकांनी खण उघडला. यादीवरून बोट फिरवत एका नावाशी थांबले. "हा का?" ताईंनी नुसती मान हलवली. मग काकांनी कोपऱ्यातला नियम मोठ्याने वाचला, वीस वर्षांत पहिल्यांदाच शेवटपर्यंत. आणि टच्!

दुखले? छे! मी आनंदाने फडफडलो, तर ताई म्हणाल्या, "खिडकी लावा हो, वारा सुटलाय."

नेमके त्याच सकाळी मित्रदेशाचे मंत्री विमानांच्या करारासाठी आले, तेही अर्धा तास आधी! सभागृहात अजून खुर्च्या लावणे चालले होते, म्हणून त्यांना माझ्या खोलीत बसवले. साहेब धावत आले, हात मिळवला, फोटोवाल्यांनी धडाधड फोटो काढले. मागे मी, आणि मंत्र्यांच्या अगदी कानाशी लाल टाचणी!

मंत्र्यांनी वळून पाहिले. "हे काय? आमच्यावर?"

साहेबांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. "चूक आहे. कारकुनाची चूक."

"चूक नाही, साहेब," दारातून काका म्हणाले. "चौसष्ट आहेत. यादी आणू?"

सगळे कॅमेरे गर्रकन माझ्याकडे वळले! साहेबांचा हात टाचणीपर्यंत गेला, कॅमेऱ्यांसमोर घुटमळला आणि निमूट खिशात परतला. टाचणी उपटतानाचाच फोटो छापून आला असता ना!

तो फोटो गावोगावी पोहोचला. लोक विचारू लागले, करार लांबला. मित्रदेशाने घाईघाईने एकतीस माणसे सोडली. साहेबांनी भाषण ठोकले, "हा आमच्या ठाम धोरणाचा विजय!" मग करारावर सही झाली, आणि शाई वाळायच्या आत साहेबांनी टाचणी उपटून केराच्या टोपलीत टाकली. काकांची बदली तळघरात, जुन्या फायलींजवळ झाली. मलाही गुंडाळून तिकडेच धाडले. माझ्या भिंतीवर आता धबधब्याचे चित्र आहे. धबधब्याला कोणी काही विचारत नाही.

तुम्हाला वाटेल, मी रडत बसलो असेन. ऐका तर पुढे! परवा तळघराचे दार उघडले. ताई आल्या आणि त्यांच्यामागे एक वाळलेला, वाकलेला माणूस.

"काका, हा बघा आमचा मास्तर! पूर्वी गप्प बसवत नव्हतं याला. आता बोलायला लावावं लागतं."

काकांनी मला टेबलावर उलगडले. मास्तरांनी दोनशे आठवे भोक शोधून काढले. त्यावर बोट ठेवले आणि वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "एकतीस हजर."

मग बोट न उचलता, "तेहतीस गैरहजर."

ताईंनी खिशातून काहीतरी काढून भावाच्या तळहातावर ठेवले. केराच्या टोपलीतून त्यांनी उचलून ठेवलेली तीच लाल टाचणी! मास्तरांनी काकांकडे पाहिले.

"टोचा," काका म्हणाले. "दहाहून जास्त आहेत."

टच्! त्याच भोकात.

मित्रांनो, जुन्या नकाशांना जपा, ओलीपासून सांभाळा, हे मी सांगेनच. पण कधी तुमच्या हाती टाचणी आली, तर देश कोणाचा ते नंतर पाहा, आधी माणसे मोजा. मित्राच्या घरची तर सर्वांत आधी मोजा. आणि मला पुन्हा भिंतीवर टांगायला तुमच्यापैकी कोणी येणार असेल, तर जरा लवकर या. तेहतीस जणांची हजेरी अजून व्हायची आहे.