आबांच्या ओवीची झील

मुंजाबांच्या गळ्यातली गाठ सोमवारी घाटीच्या सरकारी दवाखान्यात काढायची होती. गाठ निघेल याची डॉक्टरांना खात्री होती, आवाज राहील याची नव्हती. म्हणून रविवारी कडुबाने आपल्या बापाला, आबांना, मुकुंदवाडीतल्या स्टुडिओत आणून बसवलं.

स्टुडिओ म्हणजे भाड्याच्या दोन खोल्यांपैकी मागची. भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी आणि मधोमध संगणक. कडुबा आठवडाभर वाळूजला कंपनीत मशीन चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी इथे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी करायचा. पुढाऱ्याचं नाव बदललं की गाणं नवं. आबांच्या धनगरी ओव्या मात्र त्याने आजवर कधी रेकॉर्ड केल्या नव्हत्या. सवड मिळत नाही, असं तो सांगायचा. खरं तर त्याला लाज वाटायची, आणि आता त्या लाजेचीच लाज वाटत होती.

पंखा बंद केला, आबांच्या कानांवर हेडफोन चढवले. गाताना कानावर हात ठेवायच्या सवयीने आबांनी हेडफोनवरही हात ठेवला, पहिली ओळ उचलली, छान सोडली आणि थांबले. कडुबा वाट पाहत राहिला. आबाही वाट पाहत होते.

"आबा, म्हना की पुढं."

"झील कोन धरनार?"

ओवीत पुढचा गाणारा ओळ टाकतो आणि मागचा तिचं शेपूट उचलून लांबवतो, ती झील. मागच्याचं संपेपर्यंत पुढच्याने तोंड उघडायचं नसतं, तो मागच्याचा अपमान. हा रिवाज आबांनी जन्मभर पाळला होता. मागे कुणी नाही एवढ्या कारणावरून तो मोडायला ते तयार नव्हते. कडुबाने स्वतः झील धरून पाहिली. आबांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "तू मशीनच चालव."

मग त्याने संगणकाला कामाला लावलं. रिव्हर्ब म्हणजे आवाजाला दिलेली खोटी जागा. गायचं कोंदट खोलीत आणि ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस देवळात बसलाय. सॉफ्टवेअरमध्ये अशा जागा भरपूर होत्या. कडुबाने सगळ्यात मोठी निवडली, चर्च. आबांनी ओळ टाकली आणि तिचा घुमारा सरेना. आबा मान खाली घालून अदबीने बसून राहिले.

"ह्यो कोन?"

"कुनी नाय आबा. तुमचाच आवाज हाय."

"माझा असता तर कवाच थांबला असता. लई घोळवतोय."

कडुबाने हॉल लावला. आबा म्हणाले, "ह्यो बरा हाय, पन लांब हुबा राहून म्हनतोय. फुडं ये म्हनाव." मग प्लेट लावली. आबांच्या कपाळाला आठी पडली. "पत्रा वाजतोय." प्लेट म्हणजे मुळात पत्र्याचाच आवाज असतो, हे कडुबाला ठाऊक होतं.

तो पुन्हा हॉलवर आला आणि एकेक बटण सरकवत बसला. घुमारा लवकर सरेल असा केला. ओळ संपल्यावर तो लगेच उमटू नये, श्वासभर थांबून यावा, असं केलं. वरचा चिरका भाग कापला, म्हणजे आवाज जाडसर झाला. आबांचा चेहरा खुलला. दोन ओव्या त्यांनी अशा म्हटल्या की कडुबाला आपल्याच बापाचा हेवा वाटला. तिसऱ्या ओवीला त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"सांडू असाच धरायचा. पन त्यो दर बारीला येगळं धरायचा. ह्यो तेच तेच करतोय."

सांडू आणि आबा करमाडच्या पुढच्या एका माळावर मेंढरं राखत वाढले, जत्रांतून एकत्र गायले. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला तेव्हा त्यांच्या गावातली बौद्धांची घरं जाळली गेली, त्यांत सांडूंचंही होतं. सांडू गाव सोडून शहरात आले, चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागले, तिथूनच निवृत्त झाले. दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद. कडुबाला सांडूकाका अधूनमधून भेटत. घरातल्या सगळ्यांची, अगदी गावाकडच्या म्हशीचीही चौकशी करत. आबांची करत नसत.

कडुबाने संगणक तसाच चालू ठेवला आणि स्कूटरला किक मारली.

सांडूकाका आले. का आले, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. वाटेत त्याने गाठीचं, ऑपरेशनचं, झिलीचं सगळं सांगितलं होतं. त्यावर ते फक्त "हळू चालव" म्हणाले होते.

आबांच्या समोरच्या स्टुलावर ते बसले. कडुबाने उगाच माइक सारखा केला.

"घरं पेटली तवा तू येशीत हुबा व्हतास," सांडूकाका म्हणाले. "तुझी हाक पार शिवाराच्या पल्याड जायाची. तू एक हाक मारली नाय. आवाज तर व्हता तुझ्याकडं."

आबांनी मांडीवरचे हेडफोन खाली ठेवले.

"व्हता," ते म्हणाले.

"गा आता. म्या ऐकतो. झील धरनार नाय."

आबा गायले. प्रत्येक ओळीनंतर, सांडूकाकांची झील जेवढी लांबायची तेवढं थांबले. सांडूकाका गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड मिटून बसले होते. ती रिकामी जागा भरायला एक क्लिक पुरेशी होती आणि कडुबाचा हात माउसवरच होता. त्याने रिव्हर्ब पार बंद करून टाकला. त्याला रडू येत होतं आणि माइक चालू होता, म्हणून त्याने नाक दाबून धरलं.

ओव्या संपल्या. सांडूकाका उठले, दाराशी गेले, गोधडी बाजूला सारून थांबले. मग आबांकडे न पाहता त्यांनी कडुबाला विचारलं,

"दवाखान्यात डबा कोन देनार?"

"बघू काका. खानावळीतून आनू."

"आमच्या घरचा चालंल का, इचार त्याला. तवा चालत नव्हता."

आबा हाताच्या अंतरावर बसले होते. त्यांनीही कडुबाकडेच पाहिलं.

"त्याला म्हनाव, तिखट घालू नको. गळा कापलेला असंल."