मुरायला ठेवलेले चिरूट

माझ्या नवऱ्याच्या हातात काहीही द्या, तो आधी ते घेऊन खिडकीपाशी जातो. आमच्या पिनार देल रिओ गावच्या कारखान्यात बेचाळीस वर्षं त्यानं चिरुटांचे रंग लावले. खोक्यातले पंचवीस चिरूट डावीकडून गडद ते उजवीकडे फिके, पण बघणाऱ्याला सगळे एकाच रंगाचे वाटले पाहिजेत, असं ते काम. साठ-पासष्ट छटा त्याला तोंडपाठ. रेम्बेर्तोसारखी नजर पुन्हा होणार नाही, असं अख्खं गाव म्हणतं. गावाला म्हणायला काय जातंय? मी आणलेला भोपळा, मी शिवलेला पडदा, माझ्या केसांचा कलप, यातलं एकही त्या नजरेतून आजवर सुटलेलं नाही.

मी त्याच कारखान्यात चिरूट वळायची. उजव्या अंगठ्याचा सांधा गेला आणि माझं काम सुटलं. वळणाऱ्याला रोज दोन-तीन चिरूट घरी न्यायला मिळतात. शेवटच्या महिन्यातले ते मी ओढले नाहीत, कुणाला दिले नाहीत. पन्नास जमले. रेम्बेर्तोनं त्यांची पिवळ्या फितीनं जुडी बांधली आणि जाहीर केलं की आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होतील तेव्हाच पहिला पेटवायचा, तोवर मुरू दे. म्हणजे अजून आठ वर्षं. माझ्या हातून आता एकही चिरूट वळला जायचा नाही, तेव्हा हे पन्नास सांभाळायचे यावर आमचं एकमत होतं. कसे सांभाळायचे यावर एक दिवसही झालं नाही.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कारखान्यातली देवदाराची रिकामी खोकी आहेत, त्यात भर, कागदात गुंडाळ, मधल्या खोलीत फळीवर ठेव आणि विसरून जा. माझ्या बापानं जन्मभर असेच ठेवले. पण सोपं काही सुचवलं की ते बायकोचं डोकं, आणि अवघड काही सुचलं की ते शास्त्र.

आधी त्याच्या आईचा बंद पडलेला फ्रिज झाला. दार घट्ट बसतं, म्हणाला. बसतं खरं, पण आत चाळीस वर्षांच्या मासळीचा वास होता. तो जावा म्हणून त्यानं माझी कॉफी आत पसरली, महिन्याची सगळी. पंधरा दिवस आम्ही सकाळी भाजलेल्या वाटाण्याचं पाणी प्यायलो आणि फ्रिजला वास मासळीचाच राहिला. मग कपड्यांचं कपाट झालं, आणि माझे कपडे खुर्चीवर आले. मग किड्याची भीती. चिरुटात किड्याची अंडी असतात, ती मारायला तीन दिवस बर्फात ठेवावे लागतात. त्यासाठी शेजारच्या नेरेइदाच्या फ्रीझरमधून तिची डुकराची तंगडी बाहेर काढवली. दुसऱ्या दिवशी लाइट गेली ती अकरा तास. चिरूट वाचले, पण नेरेइदा माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

शेवटी ओस्निएलनं पेटी पाठवली. ओस्निएल माझा भाचा, तिकडे परदेशात तांपाला असतो, आणि तिथे गेल्यापासून त्याला सगळंच कळतं. चकचकीत पेटी, आत देवदाराचं अस्तर, झाकणात पाण्याची डबी आणि दमटपणा दाखवणारं आकड्यांचं यंत्र. सोबत चिठ्ठी: मामा, पासष्ट ते सत्तरच्या मध्ये ठेवा, कमी झालं तर डबीत पाणी घाला.

आमच्याकडे जुलैत मिठाच्या डबीतलं मीठ चमच्यानं खरवडून काढावं लागतं. भिंतींना घाम येतो. अशा गावात चिरुटांना पाणी पाजायची पेटी आली. मी कपाळाला हात लावला. रेम्बेर्तोनं मात्र त्या यंत्राची रीतसर परीक्षा घेतली. ओलं मीठ आणि ते यंत्र बरणीत बंद करून ठेवलं की आकडा पंचाहत्तर यायला हवा. आला. झालं, यंत्रावर त्याचा विश्वास बसला आणि माझ्यावरचा उडाला.

रोज सकाळी तो पेटी खिडकीपाशी न्यायचा, झाकण उघडायचा आणि घराला ऐकू जाईल असं म्हणायचा, "पासष्ट. कोरडं पडतंय." मग डबीत पाणी.

"अरे, बाहेर भिंती गळतायत आणि तुझ्या पेटीत दुष्काळ कसा?" मी विचारलं.

"नवं लाकूड आहे, पाणी पितं. तुला नाही कळायचं."

वर दर महिन्याला कौतुक. बघ म्हातारे, एक छटा गडद झालेत. बघ, अजून एक. कसे मुरतायत बघ. मी बघायचे नाही. चिडलेली होते, शिवाय मला हातही लावू देत नसे. माझ्या हाताला कांद्याचा वास असतो म्हणे. पस्तीस वर्षं ज्या हातांनी पान वळलं त्या हातांना हे ऐकून घ्यावं लागलं. मला फार लागलं ते, आणि मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, तंबाखूला वास लागतो त्याहून कमीच लागलं असेल.

सप्टेंबरात तो पेन्शन आणायला गेला असताना मी पेटी उघडली. मुद्दाम, कांदा चिरून झाल्यावर. झाकण वर करताच तळघरासारखा वास आला. एक चिरूट हातात घेतला आणि दोन बोटांत दाबला. तो दबला आणि तसाच राहिला, भिजलेल्या पावासारखा. खालच्या थरात हिरवट पांढरी बुरशी. मी यंत्र पाहिलं. पंच्याऐंशी.

पहिल्यांदा मला एवढा संताप आला की पेटी अंगणात फेकावीशी वाटली. हा माणूस वर्षभर माझ्याशी खोटं बोलतोय, एवढंच डोक्यात. मग मी पुन्हा आकड्याकडे पाहिलं. काड्याकाड्यांचे आकडे असतात तसल्या यंत्रात. आठातली उजवीकडची वरची काडी दिसली नाही की सहा होतो. रेम्बेर्तो खोटं बोलत नव्हता. त्याला पासष्टच दिसत होतं.

मी खुर्चीवर बसले. महिन्यामहिन्याला गडद होणारे चिरूट आठवले, आणि हल्ली पडदा मळलाय म्हणून चाललेली कुरकुर. पडदा मी आदल्याच दिवशी धुतलेला होता.

तो आला तेव्हा मी टेबल खिडकीपाशी ओढलं होतं. वरच्या थरातले दहा चांगले चिरूट त्यावर विस्कटून ठेवले होते. हात लावल्याबद्दल तो बोलायला लागला, तर मी म्हटलं, आधी रंग लावून दाखव. रंग लाव म्हटल्यावर तो कधी नाही म्हणत नाही. टोपी काढली, बसला. हात तेच, जुने. उचलायचा, उजेडात फिरवायचा, ठेवायचा, शेजारच्याशी अदलाबदल करायचा. पाच मिनिटांत ओळ लावली आणि मागे रेलून बसला.

डावीकडून दुसरा सगळ्यात फिका होता. गडद तीन तीन दिशांना. कारखान्यात पहिल्या दिवशी आलेल्या पोरीनंही अशी ओळ लावली नसती.

"लागली?" त्यानं विचारलं. विचारायचं म्हणून, हो ऐकायची सवय असलेल्या माणसासारखं.

वर्षभर मी या क्षणाची वाट पाहत होते. चांगलं चारचौघांत सांगेन, नेरेइदाला बोलावून सांगेन, असं ठरवलं होतं. आता नेरेइदाला हाक मारायला मी उठले नाही.

"नाही," मी म्हटलं. "चुकली आहे. सगळीच."

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. मी त्याला यंत्राचं सांगितलं, बुरशीचं सांगितलं. त्यानं एकेक चिरूट उचलून बोटांनी दाबून पाहिला. बराच वेळ दाबत राहिला.

"म्हणजे ते मुरत नव्हते," तो म्हणाला.

"नाही."

"मला वाटलं, किती छान उतरतोय रंग." मग म्हणाला, "कारखान्यात कुणाला सांगू नकोस."

बुरशी लागलेले अकरा चिरूट त्यानं स्वतःच वेगळे काढले, मी दाखवेन तसे. माझ्या पन्नासातले अकरा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. उरलेले एकोणचाळीस मी देवदाराच्या साध्या खोक्यात भरले, कागदात गुंडाळून मधल्या खोलीतल्या फळीवर ठेवले. ओस्निएलच्या पेटीत आता मी बटणं ठेवते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान दोन वर्षं तरी झाली असतील, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? रेम्बेर्तो जमिनीकडे बघत बसला. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला नोव्हेंबरातला मंगळवार मिळाला. तोवर चिरूट सुकून पुन्हा हाताला घट्ट लागायला लागले होते.

सोमवारी दुपारी मी डॉक्टरीणबाईंसाठी पपईचा मुरांबा बरणीत भरत होते; हात हलवत कोण जातं? रेम्बेर्तो मधल्या खोलीत गेला आणि फळीवरचं खोकं घेऊन आला. बरणीशेजारी ठेवलं.

"हे ने. पाच."

"लग्नाची पन्नास वर्षं व्हायची आहेत अजून."

"चौतीस उरतात." त्यानं खोकं माझ्याकडे सरकवलं. "तू काढ. एका रंगाचे."

मी हात धुवायला उठले, तर म्हणाला, राहू दे. मी चिरूट खिडकीपाशी नेले. रंग लावणं माझं काम नव्हे. मला वेळ लागला. दोनदा बदलले. तो टेबलाशीच बसून होता, खिडकीपाशी आला नाही. पाच चिरूट आणून मी त्याच्यासमोर ठेवले. त्यानं ते पाहिले नाहीत, तसेच कागदात गुंडाळले आणि दोरी बांधली.