पलीकडून येणारी सुई

ताईने कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळला, एक हात गुडघ्यावर टेकला आणि ती विमानाच्या शेपटाखाली वाकली. आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, पत्र्याची एक पट्टी ठोकलेली असते. तिच्यावरचा नंबर तिला हवा होता. बाहेर रंगवलेल्या नंबरावर तिचा विश्वास नव्हता. संग्रहालयवाले हौसेने कुठल्याही विमानावर कुठलाही नंबर रंगवून ठेवतात, हे ती एकदा फसून शिकली होती.

"बॅटरी धर जरा," ती म्हणाली.

भावाने बॅटरी धरली. तो तिच्याहून सात वर्षांनी लहान, म्हणजे एकाहत्तर वर्षांचा. गाडी तोच चालवायचा.

"लोकांच्या बहिणी नातवंडांचे फोटो काढतात," तो म्हणाला.

"नातवंडं हलतात. बॅटरीही हलतेय. नीट धर."

तिने रुमालाने पट्टी पुसली. तेवीस. पुन्हा वाचून तिने तीन फोटो काढले आणि मग पर्समधल्या वहीत तेवीसपुढे बरोबरची खूण केली.

ती तरुणपणी ज्या कारखान्यात होती, तिथे शिकाऊ वैमानिकांसाठी अशी चाळीस विमानं तयार झाली होती. लाकडाचा सांगाडा आणि वर ताणून शिवलेलं कापड. त्यांतली नऊ उरली आहेत, हे तिने पत्रं पाठवून, फोन करून, कुणाकुणाला भंडावून शोधून काढलं होतं. एक संग्रहालयाच्या छताला टांगलेलं होतं आणि त्याच्या पंखांवर कबुतरं नांदत होती. एक शाळेच्या मैदानात होतं, चाकं सिमेंटमध्ये गाडलेली. एक बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या मागे ताडपत्रीखाली सापडलं, तेव्हा वैमानिकाच्या जागेवर मांजरीने पिल्लं घातली होती. नवरा गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत अशी आठ झाली. आज नववं. या छोट्या धावपट्टीच्या शेडमधलं, आणि यादीतलं शेवटचं.

फोटो झाले की ती दर ठिकाणी एक गोष्ट करायची. भेट देणाऱ्यांची वही मागायची. स्वतःचं नाव लिहायला नाही. खुर्ची ओढून बसायची आणि जुनी पानं उलटत एकेका ओळीवरून बोट फिरवत जायची. "कुणाचं नाव शोधतेस?" असं भावाने पहिल्या वेळी विचारलं होतं. "कुणाचं नाही," असं ती ज्या आवाजात म्हणाली, त्यानंतर त्याने पुन्हा विचारलं नाही. एवढंच त्याला कळलं होतं, की ते नाव सापडत नाही, आणि परतीच्या वाटेवर दुसरा चहा होईपर्यंत ताईशी बोलायचं नसतं.

"भेट देणाऱ्यांची वही असेल ना?" तिने मेकॅनिकला विचारलं.

"वही?" चाळिशीतला तो माणूस हसला. "इथे कोण येतंय, आजी? लाइटबिलवाला येतो, तो सही घेऊन जातो."

ताई हसली नाही. तिने कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण बसवलं. एकदा नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा बसवलं.

"म्हणजे झालं आपलं?" भावाने विचारलं.

"झालं. चल."

मेकॅनिक आपल्या कामाकडे वळला. शेडच्या टोकाला विमानाचा सोडवलेला एक पंख दोन लाकडी घोडींवर उभा करून ठेवला होता, भिंतीसारखा. नवं कापड चढवलेलं होतं आणि ते आतल्या लाकडी बरगड्यांना शिवून घ्यायचं काम चाललं होतं. पंखाच्या एका बाजूला मेकॅनिकची बायको उभी होती. तो दुसऱ्या बाजूला गेला आणि दिसेनासा झाला.

ताई दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून आवाज आला. ताणलेल्या कापडावर बोटाच्या पेराने वाजवल्याचा. टक टक. मग सुई आरपार जाताना होतो तसा बारीक आवाज. मग पुन्हा टक टक.

भाऊ गाडीपर्यंत गेला, किल्ली लावली, आणि ताई मागे नाही म्हणून परत आला. ती दारात तशीच उभी होती, पाठ त्याच्याकडे.

पंख शिवायला दोन माणसं लागतात. एक अलीकडे, एक पलीकडे. वीतभर लांब सुई एकाने ढकलायची, दुसऱ्याने ओढून घ्यायची आणि बोटभर खाली पुन्हा परत पाठवायची. दिवसभर हेच. मध्ये कापड असतं, त्यामुळे पलीकडच्याचं तोंड दिसत नाही. कारखान्याच्या शिवणखात्यात बोलायला बंदी होती. ताईच्या पलीकडे चार वर्षं एकच जण होता. नाव हजेरीपटावर होतं, तरी मुली त्याला 'पलीकडचा' म्हणायच्या. एकदा त्याने ढकललेली सुई तिच्या तळहातात घुसली. ती ओरडली नाही, पण सुई परत गेली तेव्हा दोरा लाल झाला होता. दुसऱ्या दिवसापासून तो सुई ढकलायच्या आधी कापडावर दोनदा वाजवू लागला. साठ माणसांच्या त्या खात्यात दुसरं कुणी असं करत नसे. चार वर्षं. मग तिचं लग्न ठरलं, आणि शेवटच्या दिवशीही त्याने रोजच्यासारखंच दोनदा वाजवलं आणि सुई पाठवली. बोलायला दोघांनाही जमलं नाही.

ताई पंखाजवळ जाऊन उभी राहिली.

"हे वाजवता कशाला?"

"नियम आहे तो," मेकॅनिकचा आवाज कापडापलीकडून आला. "सुई ढकलायच्या आधी दोनदा वाजवायचं. पूर्वीपासूनचं आहे."

"असा नियम नव्हता," ताई म्हणाली.

मेकॅनिक पंखाला वळसा घालून पुढे आला. "तुम्ही त्या कारखान्यात होतात?"

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"काकांनी. जुने कारागीर आहेत, तिथलेच. आम्हा दोघांना सगळं शिवणकाम त्यांनीच शिकवलं. सुरुवातीला मी वाजवायला विसरलो, तर हातातली सुई काढून घेतली होती."

"तेवढ्यावरून दोन दिवस बोलले नव्हते याच्याशी," त्याची बायको म्हणाली.

"आहेत ते?" ताईने विचारलं.

"आहेत की. दर शनिवारी येतात. काकू आणतात गाडीतून. आता दिसत नाही त्यांना, पण बोटांनी एकेक गाठ तपासतात. आणि काकू तिथे स्टुलावर बसून त्यांना रागावत असतात, की आता पुरे, जेवायचं आहे."

"गोड आहेत काकू," बायको म्हणाली.

ताईने मान हलवली. भाऊ तिच्याकडे बघत होता. अकरा वर्षांचं कोडं त्याला एका मिनिटात सुटलं होतं, आणि त्या बुधवारच्या सकाळी काय करायला हवं तेही त्याला लगेच सुचलं.

"शनिवारपर्यंत थांबू आपण," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मला काय, पेपर घरी वाचायचा तो लॉजवर वाचीन."

"नको."

"ताई, अगं, इतकी वर्षं..."

"नको म्हटलं ना रे."

हे ती रागाने म्हणाली नव्हती. त्याने किल्ली खिशात टाकली. ताईने कॅमेरा गळ्यातून काढून त्याच्या हातात दिला. मग ती मेकॅनिकच्या बायकोकडे वळली.

"एक रांग मला शिवू द्याल?"

"घ्या की. माझी पाठ सकाळपासून बोलतेय."

ताई कापडासमोर उभी राहिली. मेकॅनिक पलीकडे गेला. टक टक. सुईचं टोक बाहेर आलं, आणि तिचा हात आपोआप बाजूला सरून पुढे झाला. मेण लावलेला दोरा तिने ओढला. पहिल्या दोन गाठी वाकड्या बसल्या. तिसरीपासून बोटांना आठवलं. पूर्वी प्रत्येकीची गाठ वेगळी असायची. ताई दोऱ्याला दोन वेढे देऊन टोक आत, बरगडीकडे दुमडायची. सुपरवायझर त्यावरून तिला बोलायचा, पण उसवायचा नाही, कारण ती गाठ कधी सुटत नसे.

अठ्ठावीस टाके. तिच्या कपाळावर घाम आला. भावाने तिचा एक फोटो काढला. त्यात बहुतेक डोकं आलं नसावं.

मेकॅनिक पुढे आला आणि रांगेवर वाकून बघू लागला.

"आम्ही टोक असं दुमडत नाही, आजी."

"मला असंच येतं."

"पक्की आहे तशी." त्याने नखाने एक गाठ ओढून पाहिली. "काकांना काय सांगू, कोण आलं होतं म्हणून?"

"काही सांगू नका. तुम्हीच शिवलंय म्हणा."

"म्हणतो. पण शनिवारी त्यांना गाठी नाहीच पसंत पडल्या, तर उसवून टाकतील हं सगळ्या. माझ्या कितीदा उसवल्यात. वाईट वाटून घेऊ नका."

ताई रुमालाने बोटांवरचं मेण पुसत होती.

"उसवू देत," ती म्हणाली. "आधी चाचपून तर बघतील."