कुलपातला मासा

शिवणकाकूंच्या नवऱ्याला कुलपांचं वेड होतं. पोस्टातली नोकरी आटोपून माणूस घरी आला की समोरचा चहा निवून जायचा, पण हातातलं कुलूप सुटायचं नाही. पितळी, लोखंडी, विंचवाच्या आकाराची, दोन किल्ल्या लागणारी, किल्ली हरवलेली. पलंगाखाली कुलपं, पिठाच्या डब्यामागे कुलपं. काकू दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेल्या, आणि रविवारी जरा कुठे जाऊ म्हटलं तर हे जुन्या बाजारात गायब. "याच्यापेक्षा सवत आणली असती, तर काजं-बटणं तरी करून दिली असती तिनं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या.

शेवटच्या आजारपणात काकांनी सगळा संग्रह शहरातल्या मोठ्या संग्रहालयाला देऊन टाकला. आधी कुलपं गेली, मग ते गेले. मोकळं झालेलं घर काकूंना खायला उठलं. संग्रहालयातून दोनतीनदा बोलावणं आलं, पण त्या ढिम्म हलल्या नाहीत. "जन्मभर घरात बघितली ती कमी झाली का, आता काचेतून बघू?"

नातीपुढे मात्र त्यांचं काही चालायचं नाही. घरात सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. संग्रहालयात रविवारी मुलांसाठी कुलपं उघडायचा खेळ होता. बरोबर घरातलं मोठं माणूस हवं, अशी अट होती. आईला कामं, बाबा गावाला.

"आजी, तू मोठी आहेस ना? मग झालं तर!"

काकू कुरकुरत निघाल्या.

उंच छताच्या दालनात लांबलचक टेबलं मांडली होती. जुन्या कुलपांच्या लाकडी प्रतिकृती होत्या, चांगल्या ताटाएवढ्या, एका बाजूनं उघड्या, म्हणजे आतली करामत दिसावी. सगळीकडे खटखट आणि आरडाओरडा. भिंगरीच्या वाट्याला किल्लीचं भोकच लपवलेलं कुलूप आलं. काकू आधी लांब खुर्चीत बसल्या. मग पुढे सरकल्या. मग पदर खोचून उभ्याच राहिल्या.

"अगं, तो खिळा दाब. तो नव्हे, शेजारचा! आता सरकव. हळू, मोडशील."

"तूच कर ना मग!"

"दे इकडे."

दोघींनी मिळून बराच घाम गाळला आणि अखेर कुलूप खाडकन उघडलं. काकू एवढ्या जोरात "उघडलं!" म्हणून ओरडल्या, की शेजारचं टेबल वळून बघायला लागलं. त्या लाजल्या, पण भिंगरीला आता जोर चढला होता. देखरेख करणाऱ्या बाईंना तिनं सांगून टाकलं, "खरी कुलपं माझ्या आजोबांची आहेत."

त्या बाई कुलपांवरच संशोधन करत होत्या. त्यांचा चेहरा खुलला. "काकू, तुम्हीच का त्या? अहो, किती निरोप धाडले तुम्हाला! चला, आत चला."

आतली खोली थंड आणि शांत होती. बाईंनी एक कप्पा ओढला. प्रत्येक कुलूप मऊ गादीवर, आपापल्या खळग्यात निजलेलं. 'घरी पिठात लोळायची, आणि इथे थाट बघा,' काकूंच्या मनात आलं.

"कुलूप न तोडता आतलं कळावं म्हणून आम्ही एक्स-रे काढतो," बाई म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर एक चित्र लावलं. "याची स्प्रिंग कधीतरी तुटली होती आणि कुणीतरी दुसरी बसवली. पण ती कशाची केली, तेच कळत नाही. हे टोक बघा, शेपटीसारखं."

काकूंनी चष्मा चढवला. पडद्याजवळ गेल्या, मागे आल्या, परत जवळ गेल्या.

"ती मासोळी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या केसांतला आकडा आहे तो."

लग्नानंतर थोरल्या बहिणीनं तो पाठवला होता. पोलादी, वर नाजूक मासा. एके दिवशी तो दिसेनासा झाला आणि काकूंनी शोधून शोधून घर उलथंपालथं केलं.

"आणि हे!" काकूंचा आवाज चढला. "हे माझ्याबरोबर बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरले होते शोधायला! वर मलाच म्हणाले, वस्तू जागच्या जागी ठेवत जा!"

"म्हणजे आजोबांनी चोरला?" भिंगरीचे डोळे विस्फारले.

"चोरलाच की गं!" काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता कधी डोळे भरले, ते त्यांनाही कळलं नाही. संशोधक बाईंनी खुर्ची पुढे केली.

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "तुमची वस्तू आहे. वरिष्ठांशी बोलून काढून देता येईल. कुलूप तेवढं लागायचं नाही मग."

"आत्ता लागतं?"

बाईंनी हातमोजे चढवले, कुलूप उचललं आणि दाबलं. छान, करकरीत आवाज आला.

"पुन्हा दाबा बघू."

पुन्हा तोच आवाज. काकू कान देऊन ऐकत राहिल्या.

"काम चोख केलंय मेल्यानं," त्या हळूच म्हणाल्या. "राहू दे तिथेच. पण पाटीवर लिहा, बायकोच्या आकड्यानं दुरुस्त केलं म्हणून."

"नक्की लिहू."

"आणि 'न विचारता' हेही लिहा."

बाईंना हसू आवरेना. "तेवढं वरिष्ठांना विचारावं लागेल, काकू."

"विचारा की. कुणीतरी विचारतंय, हेच पुष्कळ!"

घरी येऊन काकूंनी बहिणीला फोन लावला आणि तिखटमीठ लावून सगळी हकिगत सांगितली. पलीकडून नुसतं 'हं, हं' चाललं होतं. मग बहीण म्हणाली, "कुठला गं आकडा?"

काकूंनी कपाळाला हात लावला.

काही आठवड्यांनी नवी पाटी लागली. भिंगरीनं ती मोठ्यानं वाचली, 'न विचारता'सकट. शेजारी एक जोडपं उभं होतं. नवरा खो खो हसला आणि बायको त्याच्याकडे रोखून बघत राहिली. काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या पुढच्या काचेपाशी पोचल्या होत्या आणि एका विंचवाच्या नांगीत किल्ली कुठून जात असेल, ते वाकून बघत होत्या.