लव्हाळ्याचा बांध

योगिनीचं काम ऐकायला साधं होतं. जमिनीवरून चालायचं आणि ती जमीन कसली आहे ते ठरवायचं. जंगल, गवताळ माळ, दलदल, द्राक्षबाग, खाण. समुद्रकाठी काम निघालं तर खडकाळ किनारा, खारफुटी, मिठागर. यादीत प्रत्येकाला नाव होतं आणि प्रत्येक नावापुढे दोनपैकी एक शब्द: नैसर्गिक किंवा कृत्रिम. नाशिकच्या एका सर्वेक्षण संस्थेत ती चार वर्षं हेच करत होती, आणि तिच्याइतका चोख हात ऑफिसात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पेठच्या बाजूला एका टेकडीवर दगडखाण व्हायची होती. टेकडीच्या कुशीत दोन एकरांची पाणथळ होती. चहूबाजूंनी लव्हाळी माजलेली, म्हणून पाड्यातले लोक तिला लव्हाळंच म्हणत.

"नैसर्गिक निघाली तर खाण अडते," तिचे साहेब, दीपक सर, निघताना म्हणाले. "पण कुणीतरी कधीतरी बांधली असेलच ना? विचारून बघ. तू गोड बोलतेस."

योगिनी हसली. काय हवंय ते तिला कळलं होतं.

पाण्याशी तिला भिका भेटला. सत्तरीचा, काटकुळा. त्याची बायको नवसाबाई काठावर भांडी घासत होती. योगिनीने त्याला बाबा म्हटलं, गुडघ्यापर्यंत सलवार वर घेतली आणि त्याच्याबरोबर सरळ चिखलात उतरली. म्हातारा त्यावरच खूश झाला. त्याने तिला टिबुकलीचं, त्या बुड्या मारणाऱ्या पाणपक्ष्याचं, घरटं दाखवलं, कासवं ऊन खायला येतात तो खडक दाखवला.

तिने गाळाचा नमुना काढायची पोकळ नळी चिखलात दाबली. ती दांड्यापर्यंत गेली तरी तळ लागेना. वर ओढली तेव्हा आत काळाभोर, चिकट गाळ, थरावर थर. एवढा गाळ साठायला हजारेक वर्षं तरी लागली असणार, हे तिला बघताक्षणी समजलं.

"लय जुनं पाणी हाय, बाई," भिका म्हणाला.

"आणि तो बांध, बाबा?"

खालच्या अंगाला गुडघाभर उंचीची दगडांची रांग होती. भिकाची छाती फुगली. "तो आमच्या बापाने घातला! दुष्काळात. मी एवढासा होतो, डोक्यावर दगड वाहिले."

"म्हणजे हे तळं तुमच्या वडिलांनी केलं?"

"ओ, गप बसा ना," नवसाबाई काठावरून म्हणाली. "पाणी काय कुणी करतं का?"

"तुला काय ठावं? बांध नसता तर एवढं पाणी ऱ्हायलं असतं का?" भिका तिच्यावर खेकसला. मग योगिनीकडे वळून म्हणाला, "लिही बाई. आमच्या बापाने केलं."

योगिनीने तेवढंच लिहिलं. त्याला वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला. यादीत शब्द निवडला: कृत्रिम, साठवण तलाव. नळीतला गाळ तिने पाण्यात झटकून टाकला.

जनसुनावणी तालुक्याला झाली. पाड्यातली सगळी माणसं टेम्पो करून आली होती. भिकाच पुढे उभा राहिला. "हे पाणी आमच्या देवाचं हाय," तो म्हणाला. "ते कुणी केलं नाय. ते पहिल्यापासून हाय."

अधिकाऱ्याने कागद उलटला आणि भिकाचंच बोलणं त्याला वाचून दाखवलं. खाली अंगठा होता.

मंडपात पाड्यातली माणसं भिकाकडे वळून बघायला लागली. भिकाची नजर शोधत शोधत योगिनीवर आली. "बाई, सांग ना यांना. तू नळी घातली होती. किती खोल गेली ती सांग."

सगळे तिच्याकडे बघत होते. शेजारी दीपक सर मोबाइलमध्ये बघत होते.

"नोंदीत तसं काही नाही," योगिनी म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही, याचं तिला स्वतःलाच जरा नवल वाटलं.

परत जाताना भिकाला कुणी टेम्पोत घेतलं नाही. नवरा-बायको चालत गेले. होळीपर्यंत पाड्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. लग्नाला बोलावणं नाही, पेटवायला विस्तव नाही. भिका खोपटात पडून राहायचा. नवसाबाई समोर ताट ठेवायची आणि तसंच उचलायची.

मार्चमध्ये खाणवाल्यांनी पंप लावून लव्हाळं उपसलं. चौथ्या दिवशी शेवटचे फोटो काढायला योगिनी गेली. तळाशी चिखलात मासे फडफडत होते आणि पाड्यातल्या बायका मुकाट्याने पाट्या भरत होत्या. टिबुकल्या केव्हाच उडून गेल्या होत्या. वरच्या बाजूला जेसीबी उभा होता.

फोटो काढून ती गाडीकडे वळली, तोच मागून नवसाबाई आली. मांड्यांपर्यंत चिखल, ओच्यात काहीतरी जड. तिने पदर बाजूला केला. तीन कासवं होती.

"यांना पाण्यात सोडायचंय," ती म्हणाली. भांडण नाही, शिवी नाही. "जवळ कुठंच पाणी नाय. धरण लांब हाय. तुझी गाडी त्याच वाटेने जाईल ना?"

जाणार होती. धरण वाटेतच होतं. योगिनीने गाडीच्या सीटकडे पाहिलं, मग त्या चिखलाकडे.

"ऑफिसची गाडी आहे, आजी. खराब होईल."

नवसाबाईने मान हलवली, जणू तिला हेच अपेक्षित होतं. ओचा पुन्हा खोचला आणि ती रस्त्याला लागली. डांबर तापलं होतं. ती अनवाणी होती.

थोड्या वेळाने योगिनीची गाडी तिच्या मागे आली. म्हातारी कडेला सरली आणि धूळ लागू नये म्हणून तिने कासवांवर पदर ओढला. ड्रायव्हरने वेग कमी केला, आरशात योगिनीकडे बघितलं.

"चला," योगिनी म्हणाली. "उशीर होतोय."