विरजण मागायला

तलावात गाव बुडालं, पण कुणाला काही कमी पडलं नाही हो! सुलाबाईला गंगाखेडच्या रस्त्याला पत्र्याची खोली मिळाली आणि तिच्या नवऱ्याला, आश्रुबाला, बायकोला मारायला कारण मिळालं. त्याआधी बिचारा बिनकारणच मारायचा.

सर्व्हेवाली मॅडम फॉर्म घेऊन आली, मारहाणीची कारणं विचारायला. विचारली कुणाला? आश्रुबालाच की! तो डोळे पुसत म्हणाला, "शेळ्यामेंढ्या इकाव्या लागल्या, मॅडम. चरायला रानच राहिलं न्हाई. डोस्कं लय तापतं." मॅडमनं हळहळत लिहून घेतलं. रान सुलाबाईचंही गेलं होतं, त्या शेळ्या तिनंच वाढवल्या होत्या. पण तिचं डोस्कं तापायला फॉर्मवर रकाना नव्हता.

"तुमचं काय म्हणणं, बाई?" मॅडमनं जाता जाता विचारलं.

"केवळामावशीच्या शेजारी जागा द्या."

मॅडम हसली. जागा चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या, अगदी न्यायानं.

जुन्या गावात आरडाओरडा ऐकू आला की शेजारीण वाटी घेऊन आत शिरायची, "विरजण हाय का गं?" बाहेरची बाई समोर असताना हात उगारायची कुणाची छाती? केवळामावशीनं असं कितीदा वाचवलं होतं! चिठ्ठीनं तिला पार त्या टोकाला फेकलं आणि शेजारी धम्मशीला आली. जुन्या गावात दोघींच्या घरांमध्ये अख्खं गाव आडवं होतं. सुलाबाईनं तिच्या हातचं पाणीही कधी घेतलं नव्हतं. आता मधे एक पत्रा. धम्मशीलाला सगळं ऐकू जायचं, पण वाटी घेऊन ये असं तिला आजवर म्हटलं होतं कुणी?

मॅडम येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नळावर सुलाबाई मान खाली घालून म्हणाली, "धम्मशीलाबाई, विरजण लागलं तर येत जावा."

"आत्ता आठवण झाली व्हय?" एवढंच बोलून धम्मशीला घागर उचलून चालती झाली. सुलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी भाकर करपली. रान गेल्याचं दुःख आश्रुबाला लगेच आठवलं. त्यानं हात उगारला, तेवढ्यात दारात आवाज आला.

"विरजण हाय का?"

धम्मशीला वाटी घेऊन उभी होती. आश्रुबा भडकला. "अख्ख्या वस्तीत एक शेळी न्हाई, थेंबभर दूध न्हाई. विरजण कशात घालनार हाईस?"

"ते बी खरंच," म्हणत ती आत आली आणि चुलीपाशी मांडी घालून बसली. "दूध येस्तोवर बसते."